पुतळाने लपवलेला संसार

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या वस्तीत पुतळाइतकी कष्टाळू बाई नव्हती आणि तिच्याइतकी भित्रीही नव्हती. कामाला ती कधी भ्याली नाही. बाकी सगळ्याला भ्यायची. पोस्टमन गल्लीत शिरला की हिच्या पोटात गोळा, मीटरचे आकडे घ्यायला माणूस आला की हिला घाम. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो हिच्या पाठी परभणीकडच्या गावापासूनच लागला होता आणि एसटीने तिच्यासोबत थेट कळंबोलीला उतरला होता.

पण खरं सांगायचं तर तिच्या भीतीला कारण होतं. तिचा नवरा हिरामण लोखंडाच्या गोदामात पत्रे चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. त्र्याण्णव साली एका सकाळी दोर निसटला आणि पत्रा त्याच्या पावलावर आला. पाय राहिला, पण तीन बोटं गेली आणि पायातला जोर गेला तो गेलाच. टोळीचा मुकादम दोनदा केळी घेऊन येऊन गेला, तिसऱ्यांदा आलाच नाही. मुलगी सरस्वती तेव्हा सहा वर्षांची होती. सकाळी चांगलं चाललेलं घर दुपारपर्यंत रस्त्यावर येऊ शकतं, हे पुतळाने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बाईने भ्यायचं नाही तर करायचं काय?

त्याच वर्षी चर्चच्या केंद्राने तिचं नाव मदतीच्या यादीत घेतलं. नव्या सेक्टरातल्या इमारती संपतात तिथे चर्चवाल्यांचा पत्र्याचा हॉल होता. सकाळी बालवाडी, दुपारी शिवणाचा वर्ग, शनिवारी बायकांची मीटिंग. वस्तीतली चाळीस घरं त्यांनी निवडली होती. घर आपल्या पायावर उभं राहीपर्यंत हात द्यायचा, मग दुसरं घर घ्यायचं, असा त्यांचा रिवाज. हे सगळं बघायच्या सिस्टर सेराफिना. मूळच्या वसईच्या, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलायच्या. उन्हात काळी छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी अशा वस्तीभर फिरायच्या. पुतळा पहिल्या दिवशी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून मुद्दाम गेली होती, कुणी काही बोललंच तर उठून यायचं म्हणून. कुणी काही बोललं नाही. सिस्टरनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि मुलीचं वय विचारलं.

सरस्वतीला, म्हणजे सरूला, सिस्टरांच्या शाळेत घातलं. फी, पुस्तकं, गणवेश सगळं केंद्राचं. पुतळा शिवण शिकली. वर्गात उशांचे अभ्रे शिकवायचे. आता कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या गावात अभ्रे घेणार कोण? पुतळाने सहा शिवले, सहाही घरात पडून राहिले. पण एकदा ती ट्रक उभे असतात तिथून चालली असताना एक ड्रायव्हर फाटकी ताडपत्री पसरून कपाळाला हात लावून बसलेला दिसला. पुतळा थांबली. दाभण आणि सुतळी मागून घेतली आणि अभ्र्याला घालायला शिकवलेली दुहेरी दुमड तिने त्या ताडपत्रीला घातली. त्या फाटीतून पावसाळ्यात थेंब आत आला नाही. ट्रकवाल्यांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या सहा महिन्यांत पुतळाच्या दारात ताडपत्र्यांची चळत लागली. हिरामण बसल्या जागी ठिगळांवर डांबर फासायचा, कडांना दोराच्या कड्या ओवायचा. दोन वर्षांत घरात कुकर आला, टेबलफॅन आला, ज्वारीचा डबा काठोकाठ भरला.

दुसरी एखादी बाई हरखली असती. पुतळाची भीती दुप्पट झाली. आधी हरवायला काही नव्हतं, आता सरूची शाळा होती. पोरगी इंग्रजीतून कविता म्हणायची, पाठांतरात वर्गात पहिली यायची. घर सुधारलेलं सिस्टरनी पाहिलं तर यादीतलं नाव कापणार, नाव कापलं की शाळा बंद, शाळा बंद की पोरगी आपल्यासारखीच ताडपत्रीवर. हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. नाव गेलं की शाळाही जाते, हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. उलट पहिल्याच मीटिंगला सिस्टरनी काहीतरी वेगळं सांगितलं होतं, पण देणाऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, एवढं शहाणपण ती गावाहूनच घेऊन आली होती.

दरवर्षी नाताळाच्या आधी फोटोचा दिवस यायचा. सिस्टर प्रत्येक घरी जायच्या, घर बघायच्या, पोराचा फोटो काढायच्या, कारण मदत पाठवणाऱ्या परदेशातल्या माणसांना तो धाडायचा असायचा. त्या दिवशी वस्तीत मोठी गंमत चालायची. एरवी पाहुणा यायचा असला तर माणूस घर सजवतो. इथे सकाळपासून घरं उघडी पाडायची लगबग. पुतळा आणि यादीतल्या आणखी सहा जणी आपापले पंखे, कुकर, मिक्सर पदराखाली घेऊन मुक्ताबाईकडे नेऊन ठेवायच्या. मुक्ताबाई इथल्याच गावातली. जमीन नव्या सेक्टरांसाठी गेली, मोबदल्यातून भाड्याच्या खोल्या आल्या. तिची पोरं मोठी, तिचं नाव कुठल्या यादीत नाही, म्हणून तिचं घर सुरक्षित. पोरांना मात्र उसवलेले कपडे घालायचे आणि केसांना तेल लावायचं नाही. सिस्टर दरवर्षी म्हणायच्या, "अहो, फोटो आहे, चांगला फ्रॉक घाला की." बायका मान डोलवायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा उसवलेलाच घालायच्या.

शहाण्णव सालचा फोटोचा दिवस आला तो एक बातमी घेऊनच. यशोदाबाईचं नाव यादीतून गेलं. यशोदाबाईने दिवाळीत टीव्ही घेतला होता. या दोन गोष्टींची गाठ वस्तीने एकाच संध्याकाळी बांधून टाकली, आणि पुतळाची पाचावर धारण बसली.

त्या सकाळी तिने काही म्हणता काही ठेवलं नाही. पंखा, कुकर, चार ताडपत्र्या, डांबराचा डबा, दाभण-सुतळीची पिशवी, नवी चादर. शेवटी ज्वारीचा डबासुद्धा डोक्यावर घेतला.

मुक्ताबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "पुतले, माजे घरान आता पाय ठेवाला जागा नाय गो. ज्वारी कनाला आनलीस? ज्वारी बगून कोन नाव कापतं?"

"कापत्यात मावशी. यशोदाचं कापलं न्हवं."

"तुजा नवरा तरी ठेव घरान. नायतर त्यालाय आन इकरं."

पुतळाला हसू आलं नाही. नवऱ्याचाही बंदोबस्त तिने केलाच होता. पाय पांघरुणात घेऊन पडून राहायचं, विचारलं तर ठणका लागलाय म्हणायचं. हिरामण म्हणाला, "पायावर पत्रा आला तवा बी मी असा पडून नव्हतो ऱ्हायलो." पण पडला. बायकोने पांघरूण पुढे केलं, ते त्याने डोक्यावरून ओढून घेतलं.

मग सरूला समोर बसवलं.

"सिस्टरनी इचारलं, सकाळी काय खाल्लंस, तर?"

"काळा चहा."

"आन रातच्याला?"

"कधी असतं, कधी नसतं."

"तसं न्हाई. हळू म्हन. खाली बघून म्हन."

सरूने खाली बघून म्हटलं. पोरगी पाठांतरात पहिली; दोन वेळा सांगावं लागलं नाही.

अकराच्या सुमारास सिस्टर आल्या. दारातच थांबल्या. मागच्या वर्षी निदान भांडी होती, डबे होते. आता रिकाम्या मांडणीवर एक तवा, कोपऱ्यात मूठभर तांदूळ, आणि खाटेवर डोक्यावरून पांघरूण घेतलेला माणूस. सिस्टरनी वही काढली, पण काही लिहिलं नाही. सरूला जवळ घेऊन हळूच विचारलं, आणि सरूने शिकवल्याप्रमाणे, शिकवल्याहूनही चांगलं, सांगितलं. सिस्टरनी पेनाला टोपण लावलं. सरूच्या गालावरून हात फिरवला. फोटोही काढला नाही, तशाच छत्री घेऊन निघाल्या.

जिंकलो असं पुतळाला वाटलं. सामान मात्र तिने लगेच परत आणलं नाही. सिस्टर पुन्हा फेरी मारतील, कुणीतरी चहाडी करेल, अशा शंकांपायी आठवडाभर सामान तिकडेच ठेवायचं असा तिचा नेम होता. ताडपत्र्या तेवढ्या ती मुक्ताबाईच्या पडवीत बसून शिवायची, आणि दोन वेळची भाकरीही तिथेच थापून घरी आणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सरू शाळेतून यायच्या आधी, सिस्टर पुन्हा आल्या. या वेळी त्यांचा चेहरा उजळलेला होता. पिशवीतून एक छापील कागद काढून त्यांनी पुतळाच्या हातात दिला.

"पुतळाबाई, देवाने ऐकलं बघा. पेणच्या बाजूला आमच्या सिस्टरांचं वसतिगृह आहे. एक जागा रिकामी झाली. सरूला घेतायत. तीन वेळचं जेवण, शाळा तिथेच आवारात. सोमवारी मी स्वतः जीपने नेऊन सोडते. उन्हाळ्यात महिनाभर घरी येईल. इथे तुमची दोघांची सही लागेल."

पुतळाने कागद हातात धरला. तिला अक्षरं ओळखता येत होती, पण त्या क्षणी त्यातलं एकही ओळखीचं वाटेना.

"कुनाला नेताय?"

"सरूला. मला दोन रात्री झोप नाही लागली हो. नऊ वर्षांचं लेकरू उपाशी झोपतं, आणि मी इथे वर्ग घेत बसते. हिचं तरी भलं होऊ दे."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून आपण हसतो. पण ज्याचा मारुती होतो त्याला हसू येत नाही. नाव कापतील, शाळा जाईल, पोरगी ताडपत्रीवर बसेल, एवढ्या सगळ्या भीतींची पुतळाने तयारी करून ठेवली होती. पोरगीच घेऊन जातील, ही भीती तिच्या यादीत कुठेच नव्हती. तिने हिरामणकडे पाहिलं. तो खाटेवर उठून बसला होता.

"सिस्टर," पुतळा म्हणाली, "घरात समदं हाय. लेकरू उपाशी न्हाई. मी खोटं बोलले. लेकराला बी मीच शिकवलं."

सिस्टरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या अजिबात रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं. "पुतळाबाई, मूल लांब जायचं म्हटलं की सगळ्या आया असंच म्हणतात. मला सवय आहे. पण तुमच्या मायेपायी तिने उपाशी राहायचं का?"

"तुमी थांबा हितंच. जाऊ नका."

कागद खाटेवर टाकून पुतळा धावत सुटली. भर दुपारी, वस्तीतली अर्धी माणसं दारात असताना, ती मुक्ताबाईच्या घरातून पंखा घेऊन निघाली, परत गेली, कुकर आणि ज्वारीचा डबा घेऊन निघाली. यादीतल्या बायकांनी ते पाहिलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. एकीने तिचा पदर धरला. "पुतळे, अगं तू बुडतीस ती बुड, आमाला कशापायी बुडवतीस? सिस्टर मावशीकडं गेल्या की समद्यांचं उघडं पडंल." पुतळाला तिचं म्हणणं कळत होतं. त्या बाईचा मुलगा सरूच्याच वर्गात होता. तरी तिने पदर सोडवून घेतला, आणि त्या वेळी तिला स्वतःचीही भीती वाटली.

तिसऱ्या खेपेला तिने ताडपत्री खांद्यावर घेतली. ट्रकची ताडपत्री म्हणजे दोन माणसांचं ओझं. हिरामण लंगडत पुढे आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. सगळं सामान खोलीच्या मध्यात येऊन पडलं.

सिस्टर दारात उभ्या राहून मुक्ताबाईच्या घरापासूनच्या या खेपा बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता शंका होती. "हे मुक्ताबाईंच्या घरातलं ना? पुतळाबाई, माझ्यासाठी दुसऱ्यांकडून मागून आणलंत?"

तीन वर्षं खोटं दाखवलं ते खरं मानलं गेलं, आणि आता खरं समोर मांडलं तर ते खोटं ठरत होतं. बोलून काही होणार नव्हतं. पुतळा खाली बसली, ताडपत्रीची फाटकी कड मांडीवर ओढली, दाभणात सुतळी ओवली आणि शिवायला लागली. कड एकदा आत, पुन्हा आत, मग टाका. टाके एका रेषेत पडत होते. हिरामण डांबराचा डबा उघडून शेजारी बसला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

सिस्टर वाकल्या. बोटाने त्यांनी ती दुमड चाचपली. "ही अभ्र्याची दुमड आहे," त्या म्हणाल्या. "मी शिकवलेली."

"व्हय. अभ्रे कुनी घेत न्हाई सिस्टर. ताडपत्री समद्यांना लागती."

तेवढ्यात दारातून मुक्ताबाई म्हणाली, "सिस्टर, ता सगला तिचाच हाय. अजून सा घरांचे कुकर माजे घरान हान. नेयाचे असतील त सांगा, मना झोपाला जागा होईल."

सिस्टर ज्वारीच्या डब्याच्या झाकणावरच बसल्या. पुतळा मान खाली घालून टाके घालत राहिली, कारण थांबलं की काय ऐकावं लागेल याची तिला धास्ती होती.

"दरवर्षी मी लिहिते," सिस्टर शेवटी म्हणाल्या, "की ही सात घरं होती तिथेच आहेत. वरचे मला विचारतात, मग केंद्र चालवता कशाला? मला वाटायचं, माझ्याच कामात खोट आहे. यशोदाबाईंनी तेवढं स्वतः येऊन सांगितलं, माझं भागतंय, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्या. तुम्ही का नाही सांगितलंत?"

पुतळाचा हात थांबला. "यशोदाचं नाव तुमी न्हाई कापलं?"

"नाही. आणि तिच्या मुलाची फी आजही जाते. दहावीपर्यंत जाईल, सरूचीही जाईल. पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं मी. तुम्ही पुढच्याच रांगेत बसला होतात."

पुतळा बसली होती खरी. ऐकलंही होतं. सिस्टरनी खाटेवर पडलेला वसतिगृहाचा कागद उचलला, दोन घड्या घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "पण एक करा. मला हे लेकराच्या तोंडून ऐकायचंय. मी तिच्या शब्दावर तिला घेऊन चालले होते."

सरू शाळेतून आली तेव्हा दारात माणसं जमलेली होती. खोलीच्या मध्यात पंखा, कुकर, ताडपत्री आणि सिस्टर. ती उंबऱ्यातच थबकली. सिस्टरनी तिला जवळ बोलावलं, दप्तर काढून घेतलं.

"सरू, काल रात्री काय जेवलीस ग?"

सरूने आईकडे पाहिलं.

"खरं सांग बाळा," पुतळा म्हणाली. "भिऊ नको. खरं काय ते सांग."

सरू घाबरली. एकदा पंख्याकडे, एकदा सिस्टरकडे, पुन्हा आईकडे. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "कुठलं खरं, माय?"

हिरामणने तोंड फिरवलं. कालची भाकरी पोरीने पुतळाच्या शेजारी बसून खाल्ली होती, आणि ती खाल्ली की नाही हेसुद्धा ती आईला विचारत होती.

"ज्वारीची भाकर," पुतळा कशीबशी म्हणाली. "मेथीची भाजी. आन वरन."

सरूने मान खाली घातली, आणि फोटोच्या दिवशी म्हटलं होतं अगदी त्याच सुरात, तितकंच हळू, म्हटलं, "ज्वारीची भाकर. मेथीची भाजी. आणि वरण." म्हणून झाल्यावर, बरोबर आलं की नाही ते बघायला तिने वर आईकडे पाहिलं. पुतळाला तिच्या नजरेला नजर देता येईना.